देवमासा ‘मी’ म्हणतो, तरी पुस्तक माहितीचं?

एका आईचं पत्र, थोडक्यात

माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. पुस्तकांची भारी आवड. अक्षरं जुळवून थोडं स्वतः वाचते, झोपताना आम्ही वाचून दाखवतो. मागच्या महिन्यात वर्गात मुलांना पुस्तकांचे दोन ढीग करायला सांगितले होते, ‘गोष्टी’ आणि ‘माहिती’. तिनं देवमाशाचं माहितीचं पुस्तक गोष्टींत टाकलं. (त्यात देवमासा स्वतःच ‘मी इतका लांब, मी हे खातो’ असं सांगतो.) आणि दाताच्या डॉक्टरकडे जाणाऱ्या एका मुलीची गोष्ट माहितीत टाकली. ‘खऱ्या-खोट्यातला फरक अजून कळत नाही, घरी लक्ष द्यावं,’ असा शेरा आला.

तेव्हापासून घरात दोन तट आहेत. नवऱ्याचं म्हणणं, राक्षस, पऱ्या, बोलणारे प्राणी हे सगळं दोन-तीन वर्षं बंद, फक्त खरी पुस्तकं आणायची. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीला कसलं खरं-खोटं. तिनं विचारलं की त्या ‘हो तर, खरंच!’ म्हणून मोकळ्या होतात, आणि जेवत नसली की बागुलबुवालाही बोलावतात. मुलगी आता प्रत्येक पुस्तक संपलं की विचारते, ‘ही गोष्ट खरी आहे का?’ परवा मी घाईत ‘नाही गं, खोटी आहे,’ म्हटलं. ती रडली, पुस्तक मिटलं आणि अजून त्याला हात लावत नाही. रात्री मात्र त्याच पुस्तकातल्या राक्षसाला घाबरते. ती मागे पडते आहे का? गोष्टी बंद कराव्यात का? आणि तिच्या त्या प्रश्नाला उत्तर काय द्यावं?

उत्तर

नमस्कार,

वर्गात चुकलेली ती दोन पुस्तकं आधी तिच्या नजरेनं बघू. एकात देवमासा बोलतो. देवमासे बोलत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणून ती गोष्ट. दुसऱ्यात एका मुलीचा दात दुखतो, ती डॉक्टरकडे जाते, उंच खुर्चीत बसते, घाबरते, शेवटी ‘आ’ करते. यात न घडण्यासारखं काय आहे? म्हणून ते खरं. दोन्ही वेळा तिनं पुस्तकात पुरावा शोधला आणि त्यावरून निर्णय केला. तिची कसोटी होती, ‘असं घडू शकतं का?’ आणि त्या कसोटीवर तिचे दोन्ही ढीग बिनचूक आहेत.

वर्गातल्या कामाला हवी होती दुसरीच कसोटी. लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याला काय कबूल केलंय? ‘जग असं आहे, मी तपासून सांगतोय’ असं, की ‘मी एक रचून सांगतो, ऐक’ असं? देवमाशाच्या पुस्तकात बोलणारा सोंगाचा आहे, पण त्याची लांबी, त्याचं खाणं, त्याचं श्वास घ्यायला वर येणं हे सगळं तपासून लिहिलेलं आहे. दाताच्या पुस्तकातली खुर्ची खरी, आरसा खरा, भीतीही खरी. ती मुलगी मात्र कधीच नव्हती. हा फरक कुणी दाखवल्याशिवाय साडेपाच वर्षांच्या मुलाला सुचावा, ही अपेक्षा मला जास्त वाटते. ऐतिहासिक कादंबरीतले संवाद तोंडपाठ म्हणून इतिहासावर हुज्जत घालणारी मोठी माणसं तुम्हीही पाहिली असतीलच.

शेऱ्यातलं ‘फरक कळत नाही’ हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही. एकेकाळी जाणकारही असंच मानत. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात मांडलं होतं की लहान मुलं मनातलं आणि बाहेरचं यांची गल्लत करतात. स्वप्न आपल्या डोक्यात नाही, खोलीत घडतं असं समजतात. पुढे हे चित्र बरंच बदललं. १९८६ साली हेन्री वेलमन आणि डेव्हिड एस्टिस या अमेरिकी संशोधकांनी लहान मुलांना अगदी साधं काही विचारलं. एका मुलाकडे बिस्किट आहे, दुसरा बिस्किटाचा नुसता विचार करतोय. हात कोणत्या बिस्किटाला लावता येईल? दुसऱ्या कुणाला कोणतं दिसेल? तीन वर्षांच्या मुलांनीही बहुतांशी बरोबर उत्तरं दिली. तुम्हाला प्रयोगाची गरजही नाही. तुमची लेक भातुकलीत रिकाम्या कपात चहा ओतते, फुंकर घालते, ‘गरम आहे हं’ म्हणते, पण खरी तहान लागली की पाणी तुमच्याकडेच मागते.

तीन वर्षांची मुलं काही ठिकाणी नक्कीच गडबडतात. जॉन फ्लॅवेल आणि सहकाऱ्यांच्या १९९०च्या अभ्यासात टीव्हीच्या पडद्यावर पॉपकॉर्नचं भांडं दाखवून विचारलं होतं, टीव्ही उलटा केला तर पॉपकॉर्न सांडतील का? तीन वर्षांची बरीच मुलं ‘हो’ म्हणाली, चार वर्षांची बहुतेक ‘नाही’. तुमची लेक तो टप्पा कधीच ओलांडून गेली आहे. तिच्या वयाच्या आसपासची मुलं तर पुष्कळदा उलट बाजूला घसरतात. अँड्र्यू श्टुलमन आणि सुझन केरी यांनी २००७ साली चार ते आठ वर्षांच्या मुलांना विचित्र, पण घडू शकतील अशा गोष्टींबद्दल विचारलं. पलंगाखाली मगर सापडणं ही त्यातलीच एक. लहान मुलांनी ‘असं होऊच शकत नाही’ म्हणून ती निकालात काढली. म्हणजे मुलं भोळसट असतात, सांगाल ते गिळतात, हा आपला समज अर्धाच खरा. आपल्या अनुभवात न बसणारं पुष्कळ काही ती धुडकावून लावतात.

मग अडतं कुठे? जिथे तिला स्वतः तपासता येत नाही तिथे. जंतू, प्राणवायू, डायनोसॉर, ड्रॅगन, परी. यातलं तिनं काहीच पाहिलेलं नाही आणि सगळ्यांबद्दल मोठ्यांनीच सांगितलेलं आहे. डायनोसॉर आणि ड्रॅगन शेजारी ठेवून बघा. दोन्ही अजस्र, दोन्ही दातेरी, दोन्हींची रंगीत चित्रं, आणि दोन्ही आज कुठेच भेटत नाहीत. यातला एक होता आणि एक नव्हता, हे निव्वळ डोकं लढवून कळण्यासारखं नाही. तरीही चार-पाच वर्षांची मुलं बहुतेकदा नीट निवड करतात. जंतू आणि प्राणवायू असतातच असं ठामपणे सांगतात, जादूच्या प्राण्यांबद्दल तेवढी ठाम नसतात. पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हे दाखवलं. त्याच वर्षी जॅकलिन वूली आणि जेनिफर व्हॅन रीट यांनी मुलांना मनानं बनवलेली नावं ऐकवली. जे नाव शास्त्राच्या संदर्भात आलं ते मुलांनी खरं धरलं, आणि पऱ्या-भुतांच्या संदर्भात आलेलं तितकंसं धरलं नाही. मुलं सोबत बघतात. एखादी गोष्ट कुणाच्या पंगतीत बसलीय त्यावरून ठरवतात.

आणि आपला सूर ऐकतात. जंतूंबद्दल आपण कधी ‘जंतू खरंच असतात हं’ असं म्हणत नाही. नुसतं ‘हात धू’ म्हणतो. ‘हो तर, खरंच!’ हे आवर्जून सांगावं लागतं ते बहुधा ज्याबद्दल शंका आहे त्याचंच. तुमची लेक दर पुस्तकानंतर प्रश्न विचारू लागली, त्यात या ‘हो तर’चा वाटा असावा असा माझा अंदाज आहे. एकाच राक्षसाबद्दल आजी ‘खरा’ म्हणते, आई ‘खोटा’ म्हणते आणि बाबा पुस्तकच बंद करायला निघालेत. अशा वेळी कोणतंही शहाणं मूल पुन्हापुन्हा विचारणारच.

सासूबाईंशी या एका मुद्द्यावर बोलायला हवं, आणि ते तुमच्या नवऱ्यानं बोललेलं बरं. त्यांच्या गोष्टी थांबवायच्या नाहीत. आजीनं रंगवून सांगितलेल्या गोष्टीत राक्षस हवाच, त्याचे दात करवतीसारखेच हवेत. फक्त त्यानं गोष्टीबाहेर येऊन जेवणाच्या ताटाशी उभं राहायचं नाही. बागुलबुवाची कुणी गोष्ट सांगत नाही, त्याची बातमी देतात: तो बाहेर उभा आहे, तो तुला नेईल. वूली यांनीच २००४ साली एक अभ्यास केला होता. मुलांना एका नव्याच चेटकिणीबद्दल सांगितलं गेलं, ती रात्री येते, गोड गोळ्या नेते आणि बदल्यात खेळणं ठेवते. काही घरांत आईवडिलांनी खरोखर गोळ्या उचलून खेळणं ठेवलं. त्यांतल्या जरा मोठ्या मुलांचा चेटकिणीवरचा विश्वास इतरांपेक्षा पक्का झाला. मुलांचं तर्कशास्त्र ठीकच होतं, त्यांच्यापुढे ठेवलेला पुरावा बनावट होता. मोठ्यांनी पुरावे पेरायचे आणि मग मुलाला ‘फरक कळत नाही’ म्हणायचं, यात अन्याय आहे. सासूबाईंना एवढंच सांगा की तिनं विचारलं तर ‘हो तर’च्या ऐवजी ‘ही माझ्या आजीनं मला सांगितलेली गोष्ट आहे’ असं म्हणा. ते खरंही आहे आणि गोष्टीचं वजनही त्यानं कमी होत नाही.

आता तुमच्या ‘खोटी आहे’बद्दल. घाईत निघून गेलं, त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. पण ती का रडली हे समजून घ्या. घरात ‘खोटं’ हा शब्द तिनं कुठे ऐकलाय? ‘खोटं बोलू नकोस’ म्हणून रागावताना. खोटं बोलणारा फसवतो. तुम्ही रोज रात्री कुशीत घेऊन तिला फसवत होता, असा त्या वाक्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोचला असेल. गोष्ट सांगताना कुणी कुणाला फसवत नसतं. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं की हे रचलेलं आहे. म्हणून ‘रचलेली गोष्ट’, ‘कुणीतरी मनानं केलेली गोष्ट’ असं म्हणा. तिच्याच भाषेत ‘खोटं खोटं’ म्हटलंत तरी चालेल, कारण तो खेळाचा शब्द आहे आणि मुलं तो नेमका वापरतात.

मिटलेल्या त्या पुस्तकासाठी तिला एवढंच सांगा: ‘मी त्या दिवशी चुकीचा शब्द वापरला. ती खोटी नाही, रचलेली आहे. एका माणसानं बसून तो राक्षस मनानं तयार केला.’ मग पुस्तक हाताशी ठेवा आणि मागे लागू नका.

‘ही गोष्ट खरी आहे का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण दर वेळी तो प्रश्न एकच नसतो. कधी तिला विचारायचं असतं, ‘हे झालं होतं का?’ कधी, ‘असं होऊ शकतं का?’ आणि रात्री दिवे गेल्यावर विचारलं तर बहुधा, ‘तो इथे येईल का?’ पहिल्याला सरळ उत्तर द्या: नाही, कुणीतरी रचली, किंवा हो, अशी बाई खरंच होऊन गेली. दुसरा प्रश्न तिच्याकडेच परतवण्यासारखा आहे: तुला काय वाटतं, यातलं काय होऊ शकतं आणि काय नाही, आणि कशावरून? पण प्रत्येक प्रश्न परतवू नका. सतत ‘तुला काय वाटतं?’ ऐकणाऱ्या मुलाला लवकरच वाटायला लागतं की मोठ्यांना काही सांगायचंच नाही.

तिसऱ्या प्रश्नापुढे तर्क फार चालत नाही. पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दोन रिकामे खोके उघडून दाखवले. मग म्हणाले, समजा यातल्या एकात ससा आहे, किंवा समजा राक्षस आहे. आत खरंच काही नाही हे मुलांनी बरोबर सांगितलं. पण संशोधक बाहेर जायला निघाल्यावर राक्षसाची कल्पना केलेली काही लहान मुलं त्यांना जाऊच देईनात, आणि एकटं सोडल्यावर कितीतरी मुलं नेमक्या त्याच खोक्याकडे गेली. नाही हे माहीत असणं आणि तरी भीती वाटणं, दोन्ही एकाच वेळी असू शकतं. भयपट पाहून आल्यावर रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेवणाऱ्या मोठ्यांना हे समजायला हरकत नाही. तेव्हा ‘राक्षस नसतातच’ या वाक्यानं भीती गेली नाही तर ती ढ आहे असं समजू नका. जवळ बसा, दार किलकिलं ठेवा, आणि राक्षसाची चर्चा दुसऱ्या दिवशी उजेडात करा. राक्षसाला हाकलायचा मंत्र किंवा फवारा मात्र आणू नका. पुष्कळ जण प्रेमानं हे करतात, पण हाकलायला काहीतरी लागतं म्हटल्यावर राक्षस आहेच हे मोठ्यांनी मान्य केल्यासारखं होतं.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. मारिया माँटेसरी यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञानंही लहान वयात आधी खरं जग, परीकथा मग, अशीच बाजू घेतली होती. आणि एका बाबतीत संशोधन तुमच्या नवऱ्याच्या बाजूनं आहे. पॅट्रिशिया गेनिया आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली लहान मुलांना अनोळखी प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली. काही पुस्तकांत ते प्राणी माणसांसारखे बोलत-वागत होते, काहींत नव्हते. बोलणाऱ्या प्राण्यांची पुस्तकं ऐकणारी मुलं प्राण्यांबद्दलची माहिती कमी शिकली, आणि खऱ्या प्राण्यांनाही माणसासारखे गुण चिकटवू लागली. म्हणजे प्राणी ओळखून घेण्यासाठी पुस्तक आणायचं असेल तर कपडे न घातलेल्या, न बोलणाऱ्या प्राण्यांचं आणा. देवमाशाला ‘मी’ म्हणायला लावणारी पुस्तकं मला स्वतःला फारशी आवडत नाहीत. मुलांना माहिती कंटाळवाणी वाटेल या भीतीनं ती लिहिलेली असतात, आणि ती भीती बहुधा लिहिणाऱ्याचीच असते.

पण बंदी? त्यानं काही साधणार नाही. फरक ओळखायला दोन्ही बाजू समोर लागतात. परीकथा कधी ऐकलीच नाही तर ‘एके काळी एक राजा होता’ हे शब्द ऐकल्यावर आपण कोणत्या प्रदेशात शिरलो हे तिला कसं कळणार? कॅथलीन कॉरिव्हो, पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या अभ्यासात साधारण पाच वर्षांपासूनची मुलं गोष्टीत अशक्य काही घडलं की त्यातलं माणूस रचलेलं आहे हे ओळखू लागली. त्याहून लहान मुलांना ते जमलं नाही. तुमची लेक नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. आत्ताच साहित्य काढून घेणं म्हणजे पोहायला लागलेल्या मुलाला तळ्यातून बाहेर काढण्यासारखं.

शिवाय मुलांच्या वाट्याला गोष्टी जास्त येतात, असं तुमच्या नवऱ्याला वाटत असेल तर त्यावर उपाय गोष्टी कमी करणं हा नाही. नेल ड्यूक यांनी २००० साली अमेरिकेतल्या पहिलीच्या वीस वर्गांची पाहणी प्रसिद्ध केली. माहितीपर मजकुरासाठी तिथे दिवसाला सरासरी ३.६ मिनिटं मिळत होती. तुटवडा या बाजूला आहे. घरच्या फळीवरची पुस्तकं मोजा, तिथेही बहुधा हेच दिसेल.

आता हातात काय घ्यायचं ते सांगते.

पुस्तकं जोडीनं वाचा. एकाच विषयावरचं एक रचलेलं, एक माहितीचं. आपली चिऊ-काऊची गोष्टच घ्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस आला आणि काऊचं घर वाहून गेलं. ही सांगून झाली की चिमण्यांची माहिती देणारं एखादं पुस्तक उघडा किंवा खिडकीतून चिमणीच बघा. चिमणी घर कशाचं बांधते? गवताचं, काड्यांचं, पिसांचं, भिंतीच्या एखाद्या पोकळीत. मेणाचं नाही. पण थांबा, शेण पावसात वाहून जातं आणि मेण जात नाही, हे खरं का खोटं? वाटीत पाणी घेऊन मेणबत्तीचा तुकडा टाकून बघता येईल. रचलेल्या गोष्टीच्या पोटात खरी माहिती असते हे एकदा तिच्या हाती लागलं की ‘सगळं खरं’ आणि ‘सगळं खोटं’ हे दोनच कप्पे आपोआप अपुरे पडतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शिकवण्यासारखं मुख्य हेच आहे.

म्हणून ढीग दोनच नकोत. घरातल्या दहा-पंधरा पुस्तकांचे चार करा: झालेलं, झालं नाही पण होऊ शकेल, होऊच शकत नाही, आणि ‘माहीत नाही, शोधू’. दाताचं पुस्तक दुसऱ्या ढिगात सुखानं बसेल. चौथ्या ढिगाला मान द्या, तुम्हीही त्यात एखादं पुस्तक टाका. देवमाशाचं पुस्तक कुठेच नीट बसणार नाही. त्यातलं एकेक वाक्य वेगळं काढा. ‘देवमाशाला लिहिता येतं का? मग हे कुणी लिहिलं? त्याला कसं कळलं?’ असं विचारत त्या लिहिणाऱ्या माणसापर्यंत तिला न्या. चांगल्या माहितीच्या पुस्तकाला अनुक्रमणिका असते, शेवटी सूची असते, चित्रांखाली नावं असतात, मधूनच कुठूनही उघडून वाचता येतं. गोष्ट पहिल्या पानापासूनच वाचावी लागते. या खुणा दाखवा, पण त्यांना नियम करू नका. फोटो आहेत म्हणजे खरं, हा नियम तर अजिबात देऊ नका. हवा तसा फोटो यंत्राकडून बनवून घेता येतो हे तिच्या पिढीला अक्षरओळखीबरोबरच कळायला हवं.

मुलं हे सगळ्यात पटकन शिकतात ती स्वतः लेखक झाल्यावर. वहीचं एक पान तिच्या चपलांच्या माहितीचं: रंग कोणता, बंद किती, पट्टीवर मोजून लांबी किती. समोरचं पान त्याच चपलांच्या गोष्टीचं: त्या रात्री कुठे गेल्या, कुणाला भेटल्या. तुम्ही लिहून घ्या, तिनं सांगायचं. पहिल्या पानावर तिनं लांबी उगाच शंभर सांगितली तर ‘मोजूया’ म्हणा. दुसऱ्या पानावर चपला चंद्रावर गेल्या तरी मोजायचं काही कारण नाही. कोणत्या पानावर काय चालतं हे तिला शब्दांत समजावून सांगण्याची वेळही येणार नाही. प्रवासात, रांगेत उभं असताना आणखी एक खेळ होतो. तुमच्या लहानपणच्या दोन आठवणी सांगा, एक घडलेली, एक रचलेली, आणि कोणती रचलेली हे तिनं प्रश्न विचारून ओळखायचं. मग तिची पाळी. सुरुवातीला ती ‘मी काल उडाले’ असं काहीतरी सांगेल. काही आठवड्यांत तुम्ही हराल.

एक सावधगिरी. ‘माहितीचं पुस्तक म्हणजे खरं’ असंही शिकवू नका. २००६च्या आधीच्या पुस्तकांत ग्रह नऊ आहेत, कारण प्लूटोला तेव्हा ग्रह मानत होते. जुन्या पुस्तकांतला व्हेलोसिरॅप्टर हा डायनोसॉर सरड्यासारखा उघडा दिसतो. त्याच्या हाताच्या हाडावर पिसं जोडलेली असल्याच्या खुणा २००७ साली जाहीर झाल्या. ती पुस्तकं लिहिणारे लोक गोष्ट रचत नव्हते, त्यांना तेव्हा तेवढंच ठाऊक होतं. जुनं एखादं पुस्तक हाती आलं तर फेकू नका, तिला चूक शोधायला द्या. आणि ग्रंथालयात गेलात तर एक गंमत दाखवा. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली सुरू केलेल्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयाला क्रमांक देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, लोककथा आणि परीकथांचा क्रमांक ३९८.२ आहे. म्हणजे ही पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात राक्षस आणि पऱ्या कादंबऱ्यांबरोबर नसतात, समाजशास्त्रांच्या कपाटात असतात. वर्गातल्या त्या कामात ड्यूईंनाही शेरा मिळाला असता.

शाळेशी भांडू नका. शिक्षिकेला भेटून ‘तिनं असं का लावलं हे तिला विचारलंत का?’ एवढंच विचारा, आणि तिची कारणं सांगा. चाळीस मुलांत प्रत्येकाला विचारणं होत नाही हे खरं, पण या वयात कारण ऐकल्याशिवाय उत्तर तपासण्यात अर्थ नसतो.

मागे पडण्याचं म्हणाल, तर पत्रावरून मला तसं काहीच दिसत नाही. भीतीमुळे आठवड्यामागून आठवडे झोप होत नसेल, ती एकटी खोलीत जायलाच तयार नसेल किंवा दिवसाही लुटुपुटूच्या खेळातून बाहेर येणं तिला जमत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला; ते गरज वाटल्यास बालमानसशास्त्रज्ञांकडे पाठवतील. नुसतं प्रश्न विचारण्यासाठी कुठेही न्यायची गरज नाही.

आणि बंदीचा आग्रह धरणाऱ्या बाबांना रात्रीच्या वाचनाचं एक काम द्या. महिनाभर माहितीचं पुस्तक त्यांनी निवडायचं, त्यांनीच वाचायचं, आणि ‘हे त्यांना कसं कळलं?’ या तिच्या प्रश्नाला उत्तरही त्यांनीच शोधायचं. रचलेली गोष्ट तुमच्याकडे किंवा आजीकडे. महिना झाला की अदलाबदल करा, राक्षसाचा आवाज त्यांना काढू दे.